कागदाचें कवच : घरगुती लॅमिनेटरचे उपयोग आणि विवेक

आपल्या कुटुंबाचा अर्धा कारभार स्मरणावर व अर्धा कागदावर चालत आलेला आहे. स्मरण माणसाबरोबर जातें. कागद मागें राहतो खरा, परंतु तोहि सुखानें राहत नाहीं. स्वयंपाकघरांत त्याला तेल-हळद लागते, देवघरांत पंचामृताचे शिंतोडे व निरांजनाची काजळी लागते, मुलांच्या हातीं त्याचे कान मुडपतात आणि कपाटांत कसर त्याची चाळण करते. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या आमच्या सोलापुरांत तर जुनें वर्तमानपत्र हातांत घेतांच पापडासारखें मोडतें. या संकटांतून कागदाला वांचविण्याचें आश्वासन देणारें एक लहानसें यंत्र आतां मध्यमवर्गीय घरांत येऊं लागलें आहे. त्याचें नांव लॅमिनेटर. ज्या कामासाठीं पूर्वीं झेरॉक्सच्या दुकानाचे खेटे घालावे लागत, तें काम दोनतीन हजार रुपयांच्या आसपास मिळणारें हें यंत्र घरच्या मेजावर करून देतें.

नवें यंत्र घरांत आलें म्हणजे पहिले आठ दिवस दिसेल ती वस्तु त्यांत घालून पाहण्याची हौस सर्वांनाच असते. मिक्सर आला त्या वेळीं हेंच झालें. परंतु मिक्सरमध्यें बिघडलेली चटणी टाकून दुसरी वाटतां येते. लॅमिनेटरमध्यें घातलेला कागद मात्र पुन्हा पूर्वीसारखा मोकळा करतां येत नाहीं. म्हणून या यंत्राचे उपयोग सांगतांना त्याची मर्यादाहि तितक्याच स्पष्टपणें सांगणें अवश्य आहे. हा लेख या दोन्ही हेतूंनीं लिहिला आहे.

यंत्राचें कार्य कसें चालतें?

लॅमिनेटर म्हणजे दोन तापलेल्या रुळांमधून कागद नेणारें यंत्र. कागद ज्या पारदर्शक पाऊचमध्यें ठेवावयाचा, त्याचे दोन पापुद्रे एका कडेला जोडलेले असतात. प्रत्येक पापुद्र्याची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची, म्हणजे टणक, चकचकीत व त्या उष्णतेला दाद न देणारी असते. आंतली बाजू ईव्हीए नांवाच्या चिकट द्रव्याची असते. रुळांतून जातांना हें द्रव्य वितळतें, कागदाच्या तंतूंत शिरतें आणि थंड होतांच तेथें घट्ट बसतें. या यंत्राचा सर्व गुण व सर्व दोष या एकाच क्रियेंत सांठविलेला आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पाऊचची जाडी मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. सामान्यतः हा आंकडा एका पापुद्र्याचा असतो; म्हणजे १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्यें दोन्ही बाजू मिळून २५० मायक्रॉनचें आवरण होतें. ७५ किंवा ८० मायक्रॉनचा पाऊच लवचिक राहतो व भिंतीवर लावावयाच्या तक्त्यांना पुरतो. ज्या वस्तु रोज हाताळावयाच्या, त्यांस १२५ चा घ्यावा.

कृति सोपी आहे, तरी कांहीं नियम पाळावे. यंत्र पुरतें तापल्याचा दिवा लागेपर्यंत थांबावें. पाऊचची जोडलेली कड नेहमीं पुढें ठेवावी. उघडी कड आधीं घातली तर वितळलेलें द्रव्य रुळांना चिकटतें. कागदाभोंवतीं सर्व बाजूंनीं निदान तीन मिलिमीटर मोकळी कड राहूं द्यावी आणि ती कापून टाकूं नये, कारण ती कड हाच पाण्याला अडविणारा बांध होय. अडकविण्यासाठीं भोंक पाडावयाचें तर तें याच मोकळ्या पट्टींत पाडावें. कागदांतून पाडलें कीं ओल आंत शिरलीच. छापलेली शाई पूर्ण वाळलेली असावी. मध्येंच वीज गेली तर कागद सोडविणारा खटका दाबून पाऊच हलकेच मागें ओढावा. तो रुळांत थंड होऊं देऊं नये. लहान मुलांना हें काम एकट्यानें करूं देऊं नये, हें सांगावयास नकोच.

स्वयंपाकघर आणि देवघर

एकत्र कुटुंबांत या यंत्राचा पहिला मान स्वयंपाकघराचा. शेंगाची चटणी, काळा मसाला, मेतकूट, भाजणी यांचीं प्रमाणें प्रत्येक घराचीं निराळीं असतात आणि बहुधा तीं एका कोणा आजींच्या किंवा काकूंच्या हातांत असतात. नव्या सुनेनें विचारलें तर उत्तर मिळतें, “अग, अंदाजानें घालायचें.” हा अंदाज एकदां वाटींत व चमच्यांत मोजून, स्वच्छ अक्षरांत लिहून, लॅमिनेट करून फळीच्या कडेला टांगला, तर कितीतरी वाद मिटतील. तेलकट हात लागला तरी ओल्या फडक्यानें पुसतां येईल. लोणच्याच्या बरण्यांवर घातल्याची तारीख लिहिलेल्या अशाच चिठ्ठ्या दोऱ्यानें बांधाव्या. पांढऱ्या फळ्यावर लिहावयाच्या पेननें लिहिल्यास तीच चिठ्ठी पुढील वर्षीं पुसून वापरतां येते.

देवघरांतील उपयोग याहून महत्त्वाचा आहे. गणपतीच्या दिवसांत आरतीला वीस माणसें जमतात आणि पुस्तक एकच असतें. तेव्हां ठळक अक्षरांत छापलेल्या दहाबारा प्रती करून ठेवाव्या. वृद्धांना चष्मा शोधावा लागत नाहीं व मुलांचे उच्चारहि सुधारतात. सोलापूरकडे ज्यांना आपण महालक्ष्म्या म्हणतों, त्या गौरींच्या सणांत तर यादीशिवाय चालतच नाहीं. मुखवटे कोणत्या पेटींत, दागिने कोणाकडे, फुलोऱ्याला काय काय, भाज्या कोणत्या, सवाष्ण कोण, हें सर्व दर वर्षीं नव्यानें आठवावें लागतें. एक पक्का तक्ता केला म्हणजे झालेल्या कामापुढें खूण करावी आणि विसर्जनानंतर खुणा पुसून तक्ता त्याच पेटींत ठेवावा.

याच प्रकारचा पण अधिक जपून करण्यासारखा कागद म्हणजे कुळाचाराचा. तुळजापूर सोलापुराहून सुमारें ४५ किलोमीटर. आपल्यापैकीं कित्येकांची कुलस्वामिनी तेथील भवानी. नवरात्र कसें बसवावें, गोंधळ केव्हां घालावा, नैवेद्यांत काय वर्ज्य, वाडवडिलांच्या श्राद्धतिथि कोणत्या, ही माहिती आज पुष्कळ घरांत एकाच सत्तरी उलटलेल्या व्यक्तीच्या मुखांत आहे. मुलें पुण्यास, बंगळूरास अथवा परदेशांत गेलेलीं असतात. त्या व्यक्तीजवळ चार संध्याकाळ बसून हें लिहून घ्यावें, छापावें आणि प्रत्येक भावाच्या घरीं एक एक लॅमिनेट केलेली प्रत पाठवावी. ज्यांना आचार पाळावयाचा ते पाळतील. न पाळणाऱ्यांनाहि निदान आपण काय सोडिलें तें कळेल.

मुलें व वडीलधारी मंडळी

लॅमिनेट केलेल्या पृष्ठावर फळ्याच्या पेननें लिहून पुसतां येतें, हा गुण मुलांच्या शिक्षणांत फार उपयोगी पडतो. म्हणजे घरांत पाटीच पुन्हा आली असें समजावें. बाराखडीचीं ठिपक्यांचीं अक्षरें, गाळलेले अंक असलेले पाढे, महाराष्ट्राचा कोरा नकाशा असे दहापंधरा तक्ते केले, तर एकाच तक्त्यावर चार चुलतभावंडें आळीपाळीनें शंभरदां गिरवूं शकतात. पावकी-निमकी आतां शाळेंत कोणी शिकवीत नाहीं; आजोबांना येत असेल तर त्यांच्याकडून लिहवून तिचाहि एक तक्ता करावा. दोघांना तेवढेंच बोलावयास निमित्त होईल. घरांतील कामांची वांटणीहि अशाच तक्त्यावर लिहिल्यास ती दर सोमवारीं पुसून बदलतां येते. नळाच्या पाण्याचे वार तर सोलापूरकरांनीं वर्षानुवर्षें पाठ केले आहेत. ते त्याच तक्त्याच्या डोक्यावर लिहावे.

वृद्धांच्या औषधांचा तक्ता हा अत्यंत आवश्यक. गोळीचें नांव, प्रमाण, वेळ, जेवणापूर्वीं कीं नंतर, आणि खालीं डॉक्टरांचा व दोन नातलगांचा दूरध्वनि क्रमांक, एवढें मोठ्या अक्षरांत असावें. औषध बदललें कीं तक्ताहि त्याच दिवशीं बदलावा. जुना पक्का तक्ता हा कच्च्या चिठ्ठीपेक्षां अधिक घातक, कारण त्यावर विश्वास बसतो. तसेंच आषाढी-कार्तिकीला आपल्या जिल्ह्यांतील पंढरपुरास जाणाऱ्या वृद्धांच्या गळ्यांत अगर खिशांत नांव, गांव, रक्तगट व घरचा क्रमांक लिहिलेलें लहानसें कार्ड द्यावें. पाऊस, चंद्रभागेचें पाणी आणि घाम या तिहींतून तें वांचतें. चुकलेला वारकरी घरीं पोंचविण्याचें काम असें कार्ड करतें.

थोडी कलाकुसर

हौसेलाहि येथें वाव आहे. पिंपळाचें जाळीदार पान, गोकर्णाची पाकळी, लाजाळूची डहाळी अशा पातळ वस्तु जाड पुस्तकाखालीं आठदहा दिवस दाबून पूर्ण सुकवाव्या आणि रंगीत कागदावर मांडून लॅमिनेट कराव्या. वाचनखूण सुंदर होते. ओलें पान घातलें तर त्याची वाफ आंतच कोंडून तें काळें पडतें. जाड पाकळ्यांचीं फुलें या कामीं निरुपयोगी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याऐवजीं मुलींनीं केलेल्या अशा वाचनखुणा लुटल्या, तर त्या वाणाची आठवण वर्षभर पुस्तकांत राहील. याच सुमारास सोलापुरांत सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात. मुलांनीं काढलेलीं त्यांचीं चित्रेंहि अशीं जपून ठेवण्यासारखीं असतात. मात्र मेणाच्या खडूनें रंगविलेलें चित्र तापलेल्या रुळांत घालूं नये, मेण वितळून रंग पसरतो. जाड कागदाला पाऊच चढवून त्यावर नक्षी कापली कीं रांगोळीचा छाप तयार होतो. तो धुवून दर दिवाळीला वापरतां येतो.

परंतु येथेंहि हात आंखडता ठेवावा. कागद व प्लॅस्टिक असे एकजीव झाले म्हणजे त्यांतून पुन्हा कागद होत नाहीं आणि प्लॅस्टिकहि होत नाहीं. शेवटीं तो कचराच. ज्या वस्तूचा उपयोग वर्षभर होणार नाहीं, तिला कवच चढविणें ही उधळपट्टी होय.

यंत्रांत काय घालूं नये?

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. घरांत लॅमिनेटर आला म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कोणीतरी कर्तबगार पुतण्या कपाटांतील महत्त्वाचे कागद बाहेर काढतो आणि म्हणतो, “काका, हे सगळे एकदां प्लॅस्टिकमध्यें घालून टाकूं या, पुन्हा चिंता नको.” हेतु उत्तम, परिणाम मात्र अनेकदां अनर्थकारक. कागद जितका महत्त्वाचा, तितका तो या यंत्रापासून दूर ठेवावयाचा, असा उलटा नियम येथें आहे.

त्याचीं व्यावहारिक कारणें आधीं पाहूं. जन्माचा दाखला, पदवीपत्र, गुणपत्रिका, खरेदीखत, मृत्युपत्र या कागदांवर पुढें शिक्के उठवावे लागतात. परदेशीं शिक्षणास अगर नोकरीस जाणाऱ्या मुलाच्या मूळ प्रमाणपत्रावर वा त्याच्या पाठीमागें साक्षांकनाची खूण केली जाते. प्लॅस्टिकवर शाई ठरत नाहीं, आणि ऐन घाईच्या वेळीं विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळविण्याची धांवपळ करावी लागते. उठावाची मोहोर रुळांखालीं दबते. कागद खरा कीं खोटा हें पाहणाऱ्याला त्याचा पोत व जलचिन्ह तपासतां येत नाहीं. पासपोर्टला तर हात लावूंच नये. आधारपत्राविषयीं संबंधित प्राधिकरणानें २०१८ सालीं, बाहेर प्लॅस्टिकवर छापून घेतलेल्या पत्रावरील सांकेतिक चौकोन निकामी होऊं शकतो, असा इशारा दिला होता. २०२० पासून तें स्वतःच टिकाऊ कार्ड पुरवूं लागलें.

कांहीं कागद तर यंत्रांतून बाहेर येतांच नष्ट झालेले असतात. दुकानाची वा बँकेच्या यंत्राची पावती, तसेंच पुष्कळ ठिकाणीं मिळणारी ईसीजीची पट्टी, ही उष्णतेनें काळ्या होणाऱ्या कागदावर उमटविलेली असते. तिला लॅमिनेटरची ऊब लागतांच सबंध पट्टी काळीठिक्कर पडते. आजोबांच्या हृदयाचा दहा वर्षांपूर्वींचा आलेख असा गमावणें परवडणारें नाहीं. अशा पट्टीची छायाप्रत काढून ती प्रत लॅमिनेट करावी. जुनीं छायाचित्रेंहि यंत्रांत घालूं नयेत. त्यांचा वरचा नाजूक थर उष्णतेनें व चिकट द्रव्यानें बिघडतो.

इतिहासाचा एक धडा

परंतु सर्वांत मोठा धोका जुन्या हस्तलिखितांना आहे, आणि येथें आपल्याहून फार मोठ्या संस्थांचा अनुभव सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत व्हर्जिनियांतील विल्यम बॅरो यांनीं जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यांत उष्णतेनें व दाबानें बसविण्याची रीत प्रचारांत आणिली. पुढें त्यांनाच असें आढळलें कीं, कागदांत आम्ल असेल तर नुसतें आवरण व्यर्थ, कारण शत्रु आंतच कोंडला जातो. म्हणून आधीं आम्ल काढून टाकण्याची प्रक्रिया त्यांनीं जोडली. आपल्या देशांत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें १९५० नंतरच्या दशकांत यंत्र, उष्णता व वीज यांवांचून चालणारी रीत बसविली. कागदावर ॲसिटेटचा पापुद्रा व त्यावर तलम टिश्यू ठेवून कापसाच्या बोळ्यानें ॲसिटोन फिरवावयाचें. पापुद्रा मऊ होऊन चिकटे, आणि पुढें कधीं काढावयाचा झाल्यास ॲसिटोनमध्येंच तो सुटे. आपल्या परिस्थितींतून निघालेली ही युक्ति खरोखर कौतुकास्पद होती.

तथापि काळाची परीक्षा कठोर. पुढें कित्येक ठिकाणीं ॲसिटेट स्वतःच कुजूं लागला आणि त्यांतून शिर्क्यासारखा वास येऊं लागला. तो वास ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे राखणदारच आम्ल गाळूं लागला. आज जगांतील अभिलेखागारें मौल्यवान कागदावर चिकटणारें आवरण घालीत नाहींत. जें काढतां येत नाहीं तें कागदावर करूं नये, हें त्या शास्त्राचें पहिलें सूत्र ठरलें आहे. जाणत्यांच्या हातीं, काळजीपूर्वक निवडलेल्या द्रव्यांचीही गत अशी झाली. मग बाजारांतील पाऊचच्या ईव्हीएवर आपण कोणत्या भरंवशानें पणजोबांचें अक्षर सोपवावें?

हा प्रश्न सोलापुरांत विशेष महत्त्वाचा आहे. मे १९३० मध्यें या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फांसावर गेले. त्या काळचें एखादें पत्र, एखादी पावती, तुरुंगांतून आलेलें कार्ड कोणाच्या माळ्यावर नसेल असें कोणीं सांगावें? गिरण्या बंद पडल्या, परंतु गिरणींत चाकरी केलेल्यांचे दाखले घरांत आहेत. जुन्या वाड्यांत मोडींतील कतबे व जमाखर्च आहेत. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला आणि पुढें बावीस खंडांपर्यंत ही माला नेली. ती अशाच घराघरांतल्या दप्तरांवर उभी राहिली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळालाहि १९१० पासून याच दप्तरांनीं समृद्ध केलें. हे कागद दोनशें वर्षें टिकले, ते हातकागदाच्या गुणानें आणि सुती रुमालांत सैल बांधून ठेविल्यानें. त्यांचा श्वास कोणी कोंडला नव्हता.

मग जुन्या कागदांचें करावें काय?

उपाय खर्चाचा नाहीं. प्रथम प्रत्येक कागदाचें, उष्ण दिव्याखालीं न ठेवतां, दिवसाच्या उजेडांत छायाचित्र घ्यावें अगर स्कॅन करावें, पाठीमागची बाजूहि सोडूं नये, आणि तीं चित्रें दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावीं. टाचण्या, लोखंडी क्लिपा व रबरी पट्ट्या काढून टाकाव्या; गंजाचे व रबराचे डाग जात नाहींत. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. नंतर कागद शक्य तितका सपाट करून स्वच्छ, आम्लरहित कागदांत ठेवावा व धुवून वाळविलेल्या, बिनरंगी सुती कापडांत सैल गुंडाळावा. सोलापुरांत सुती कापडाची वाण नाहीं. गठ्ठा भिंतीला न टेंकतां, जमिनीपासून उंच, कोरड्या जागीं ठेवावा आणि वर्षांतून दोनदां उघडून पाहावा. वारंवार दाखवावा लागणारा कागद असेल तर शुद्ध पॉलिएस्टरचे दोन पत्रे घेऊन त्यांमध्यें तो नुसता ठेवावा. पत्र्यांच्या कडाच तेवढ्या जोडाव्या, कागदाला कांहींहि चिकटूं देऊं नये. जगांतील मोठीं ग्रंथालयें हीच रीत वापरतात, कारण कड कापतांच कागद जसाच्या तसा मोकळा होतो.

आणि लॅमिनेटर? त्याचें काम येथेंहि आहेच. आजींच्या हातची मसाल्याची चिठ्ठी, पणजोबांचें मोडी पत्र, वंशावळीचा जीर्ण तक्ता यांची रंगीत छायाप्रत काढून ती खुशाल लॅमिनेट करावी. ती भिंतीवर लावावी, मुलांच्या हातीं द्यावी, परगांवच्या चुलत्यांना पाठवावी. मूळ कागद रुमालांत विश्रांति घेईल व नक्कल जगांत हिंडेल. “मूळ कापडांत, नक्कल कवचांत,” एवढें एक वाक्य यंत्रावरच चिकटवून ठेवलें तरी पुरे.

नवें यंत्र घरांत आणण्यांत कांहीं वावगें नाहीं. आपल्या मागच्या पिढीनेंहि शिवणयंत्र व प्रेशरकुकर आनंदानें आणिले. मात्र कोणत्या कागदाला आपण केवळ वापरणार आहों आणि कोणत्या कागदाचे आपण केवळ विश्वस्त आहों, हा भेद यंत्राला कळत नाहीं. तो घरच्या माणसांनींच करावयाचा असतो. येत्या रविवारीं यंत्र तापविण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं मिळून कपाट उघडावें आणि कागदांचे दोन ढीग करावे. तेवढें झालें म्हणजे पुढील काम रूळ बिनचूक करतील.